बचावपटूची कारकीर्द मुलांना कशी सांगायची?

मुरमाचं मैदान

उन्हाळी फुटबॉल शिबिरात ८ ते १२ वयाची २४ मुलं आहेत, त्यांत ५ मुली. संघ पाडायची वेळ आली की चोविसांच्या चोविसांना पुढे खेळायचं असतं. ‘मागे कोण थांबणार?’ म्हटलं की सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकतात.

म्हणून एक सकाळ फक्त बचावपटूसाठी ठेवली आहे. आधी १५ मिनिटं एखाद्या व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द सुरुवातीपासून निवृत्तीपर्यंत सांगायची, मग पाऊण तास मैदानावर. कोणाची निवडू? चषकांची यादी वाचली की मुलं मुंग्या शोधायला लागतात, मग सांगायचं काय? आणि ऐकलेलं लगेच करून बघता येईल असं काही सुचवा. मैदान मुरमाचं, गवत नाही. गोलपोस्टही नाहीत, शंकू भरपूर आहेत.

---

डावी बगल

पाओलो मालदिनी. दुसरा विचार करू नका. एकच क्लब, २५ हंगाम, आणि मुलांना समजतील अशी वळणं. खाली सरळ वाचून दाखवता येईल असं लिहितो. कंसातलं तुमच्यासाठी.

इटलीत मिलान नावाचं शहर आहे. तिथे २६ जून १९६८ ला पाओलो जन्मला. त्याचे बाबा चेझारे मालदिनी एसी मिलान या फुटबॉल क्लबचे कप्तान होते. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या वेम्बली मैदानावर युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, त्यांनीच उचलला होता. पाओलो १० वर्षांचा झाल्यावर त्याच क्लबच्या मुलांच्या संघात गेला. आता सांगा, लोक काय म्हणाले असतील? (मुलं लगेच ओरडतात, ‘बाबांमुळे घेतलं!’ ओरडू द्या.)

२० जानेवारी १९८५. उदिने शहरात सामना. मध्यंतरानंतर मिलानचा एक खेळाडू पुढे खेळू शकणार नव्हता. प्रशिक्षक नील्स लीडहोल्म यांनी १६ वर्षांच्या पाओलोला उतरवलं. सामना १-१ सुटला. झालं, आता रोज खेळणार? छे. त्या हंगामात लीगचा दुसरा सामना त्याच्या वाट्याला आलाच नाही. नियमित जागा मिळाली ती पुढच्या हंगामात. (इथे थांबा. बाकावर बसणं हाही कारकिर्दीचा भाग असतो हे मुलांना कुणी सांगत नाही.)

पाओलो उजव्या पायाचा. पण उजव्या बाजूला माउरो तासोत्ती होता, त्याला हलवणं अवघड. जागा होती डावीकडे. मग पाओलोनं डावा पाय इतका घोटला की पुढे जगातला सर्वोत्तम लेफ्ट बॅक (डाव्या बगलेचा बचावपटू) म्हणून लोक ज्याचं नाव घेऊ लागले तो मुळात उजव्या पायाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. (मुलांना लगेच उठवून प्रत्येकाला नावडत्या पायानं दहा पास द्यायला लावा. हसतील, पण लक्षात राहील.)

१९८७ मध्ये आरिगो साक्की प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी इटलीत साधारण रीत अशी: प्रत्येकानं आपापला माणूस धरायचा, तो जाईल तिथं जायचं, आणि सगळ्यांच्या मागे एक जण राखणीला. साक्कींनी सांगितलं, माणसाकडे नाही, चेंडूकडे बघून सरका, आणि चौघं एकत्र सरका. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. साक्कींचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. गुलिट आणि व्हान बास्टनसारख्या आघाडीवाल्यांना हे पटेना. मग साक्कींनी गोलरक्षक आणि हे चौघे अशा पाच जणांना एका बाजूला उभं केलं, समोर दहा जण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. चेंडू गेला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरू. दहा जणांना एकही गोल करता आला नाही.

१९९३-९४ च्या हंगामात मिलाननं लीगमध्ये ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल मारले. म्हणजे सामन्याला जेमतेम एक. तरी विजेते तेच, कारण खाल्ले फक्त १५. त्याच वर्षी युरोपच्या अंतिम सामन्यात समोर बार्सिलोना, रोमारिओ आणि स्टॉइचकोव्हसह. मिलानचे दोन्ही सेंटर बॅक (मधले बचावपटू), बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबित. मालदिनीला डावीकडून उचलून मधोमध उभं केलं. निकाल ४-० मिलान.

वय वाढलं, धावण्याचा वेग उतरला, तसा तो कायमचा मध्ये सरकला. बगलेवरचा बॅक सामनाभर वर-खाली पळतो. सेंटर बॅकला पळणं त्या मानानं कमी, पण आधी ओळखणं जास्त. वीस वर्षांत साठवलेलं ‘हा आता कुठे जाणार’ हे ज्ञान तिथे कामाला येतं.

२००३ मध्ये इंग्लंडमध्येच, ओल्ड ट्रॅफर्डवर, युरोपच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर मिलान जिंकलं. कप्तान म्हणून कप पाओलोनं उचलला. बाबांनंतर बरोबर ४० वर्षांनी.

(आता हरलेलं सांगा. हे गाळू नका.) २००५, इस्तंबूल. लिव्हरपूलविरुद्ध अंतिम सामन्याच्या पहिल्याच मिनिटात मालदिनीनं गोल मारला, तोही उजव्या पायानं. मध्यंतराला ३-० आघाडी. मग समोरच्यांनी सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टींवर कप नेला. दोन वर्षांनी अथेन्सला पुन्हा लिव्हरपूल, आणि तेव्हा २-१ मिलान. मालदिनी ३८ वर्षांचा होता.

इटलीसाठी १२६ सामने, चार विश्वचषक, आणि एकही मोठा चषक नाही. १९९० ला तिसरा क्रमांक, १९९४ ला अंतिम सामन्यात पेनल्टींवर हार, २००० च्या युरो स्पर्धेत अंतिम सामन्यात हार. विश्वचषकात तो एकूण २,२१६ मिनिटं खेळला. हा विक्रम २०२२ पर्यंत टिकला, तेव्हा तो मेस्सीनं मोडला. देशाकडून शेवटचा सामना २००२ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध. जादा वेळेत आन जुंग-ह्वान उंच उडाला, मालदिनी त्याच्यापेक्षा कमी, आणि डोक्यानं मारलेल्या त्या गोलनं इटली बाहेर. जगातला सर्वोत्तम बचावपटूसुद्धा एक हेडर हरतो.

मिलानसाठी एकूण ९०२ सामने, ३३ गोल. शेवटचा सामना ३१ मे २००९ ला फिओरेंटिनाच्या मैदानावर, वय ४० पूर्ण. क्लबनं त्याचा ३ क्रमांक निवृत्त केला. तो पुन्हा मिळेल तर फक्त त्याच्या मुलांना.

(पाचवीच्या मुलांना गणित द्या: ९०२ सामने पूर्ण ९० मिनिटांचे धरले तर किती दिवस? ८१,१८० मिनिटं, १,३५३ तास, म्हणजे रात्रंदिवस ५६ दिवसांच्या वर. आणि गोल साधारण २७ सामन्यांत एक.)

---

तटावरून

वरचं सगळं झ्याक आहे. पण एक सांगू का, मालदिनी निवृत्त झाला तेव्हा ही पोरं जन्माला आली नव्हती. नुसता मालदिनी सांगितला की ‘ते तिकडचं’ म्हणून सोडून देतील. दोन मिनिटं आपल्याकडची घाला की.

जर्नेल सिंग घ्या. पंजाबचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांनी काय केलं, तर उपांत्य आणि अंतिम सामन्यात ह्या गड्याला मागून काढून पुढं सेंटर फॉरवर्डला उभं केलं. दोन्ही सामन्यांत त्यानं गोल मारला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारताला सुवर्ण. ज्या पोरांना वाटतं की मागं खेळलं की गोल मिळत नाही, त्यांना हे ऐकवा. टाक्यांचं कौतुक मात्र करू नका. आता डोक्याला लागलं की बाहेर, एवढंच शिकवायचं.

त्याच्याआधी शैलेन मन्ना. लेफ्ट बॅक, मोहन बागान क्लबचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, त्या संघात हा होता. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून सुवर्ण, कप्तान मन्ना.

आणि मराठी मुलखातला पाहिजे असेल तर मुंबईचा राहुल भेके. १७ मार्च २०१९, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना, अंधेरीचं मैदान, बेंगळुरू विरुद्ध गोवा. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेतली शेवटची तीन-चार मिनिटं उरली होती, कॉर्नर आला आणि भेकेनं डोक्यानं आत घातला. १-०, खेळ खलास. एप्रिल २०२२ ला मुंबई सिटीकडून इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध २-१ चा विजयी गोल पण त्याचाच. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, भारतीय क्लबानं जिंकलेला तो पहिला सामना. गोव्याचा बचावपटू महेश गवळीही आहे, धेंपो क्लबचा. पुढं राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गेलात तर दिसेल, पेठेतली जाणती माणसं गोलला टाळी देतातच, पण स्टॉपरनं डीमधून (गोलसमोरच्या चौकटीतून) बॉल काढला की त्यालाही तेवढीच दाद देतात. ती नजर पोरांना लावा, बाकी आपोआप होतंय.

---

डावी बगल

@तटावरून, जर्नेल सिंग हवाच, मान्य. फक्त एक धोका: सगळी उदाहरणं ‘बचावपटूनं गोल मारला’ अशीच निवडली तर मुलांना कळणार ते उलटंच. म्हणजे मोठेपण शेवटी गोल मारण्यातच. म्हणून ३६ मारून १५ खाल्ले, हा आकडा आधी सांगा, गोल नंतर.

---

चुन्याची रेघ

मैदानावरच्या पाऊण तासाबद्दल लिहिते. मुली आहेत तर गोष्टीत आधी एक वाक्य लूसी ब्राँझचं घाला. इंग्लंडची राइट बॅक. २०१९ मध्ये युरोपची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली, आणि तो पुरस्कार मिळवणारी पहिली बचावपटू तीच. ल्यों क्लबकडून तीन आणि बार्सिलोनाकडून दोन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचे चषक.

आता खेळ. मी क्रम असा ठेवीन.

पहिला खेळ ‘सहा सेकंद’. १२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशा ६ गल्ल्या आखा, गल्लीला ४ शंकू आणि ४ मुलं. एक चेंडू घेऊन येणार, एक अडवणार, तिसरा मोठ्यानं सेकंद मोजणार, चौथा पुढच्या पाळीला. दोघं समोरासमोर, मध्ये ८ मीटर. अडवणारा पास देतो आणि धावत येतो. नियम एकच: पहिल्या फेरीत अडवणाऱ्यानं चेंडूला पाय लावायचाच नाही. समोरच्याला सहा सेकंद गल्लीच्या टोकाला पोचू द्यायचं नाही, पोचला नाही तर अडवणाऱ्याला एक गुण.

हे करताना काय शिकवायचं? पहिले चार-पाच मीटर जोरात, शेवटचे तीन मीटर बारीक पावलं टाकत वेग मारायचा. दोन हात अंतरावर थांबायचं. गुडघे वाकलेले, टाचा किंचित वर, अंग तिरपं, एक पाय पुढे. तिरपं उभं राहिलं की समोरच्याला एकच बाजू मोकळी दिसते, आणि ती कोणती ते आपण ठरवतो. शक्यतो रेषेकडची. नजर चेंडूवर. समोरचा डोळ्यांनी, खांद्यांनी, पायांनी फसवतो, चेंडू फसवत नाही.

चुका नेमक्या याच होतात. पूर्ण वेगात येतात आणि थांबता न आल्यानं समोरच्याच्या बाजूनं निघून जातात. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून भिंतीसारखे उभे राहतात, मग चेंडू पायांमधून जातो. मागे सरकताना पायात पाय घालतात आणि पडतात. त्यांना खेकड्यासारखं तिरकं सरकायला लावा, पाय एकमेकांना न ओलांडता. मुरमावर हे वेग मारणं गवतापेक्षा अवघड आहे, खडी पायाखालून सरकते. म्हणून गल्ल्या आखायच्या आधी मोठे खडे वेचून घ्या आणि जमलं तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा.

दुसऱ्या फेरीत चेंडू काढायची परवानगी, पण तो समोरच्याच्या पायापासून एका पावलापेक्षा लांब गेला तरच. हा ‘लांब गेला’ क्षण ओळखणं म्हणजे अर्धा बचाव. चेंडू अडवताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, मारणाऱ्या पायाची आतली बाजू पुढे, घोटा ताठ. घोटा सैल राहिला की चेंडूही जातो आणि पायही मुरगळतो.

दुसरा खेळ दोरीचा. साक्कींची ‘चौघं एकत्र सरका’ ही कल्पना तोंडानं सांगून आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. १५ मीटर दोरी घ्या, दर ५ मीटरला गाठ, टोकं धरून चार गाठी. चार मुलं, प्रत्येकाच्या हातात एक गाठ. कमरेला किंवा मनगटाला बांधायची नाही, मुठीत सैल धरायची, पडताना सोडता आली पाहिजे. तुम्ही चेंडू घेऊन समोर चालत फिरा. डावीकडे गेलात की चौघं डावीकडे. तुम्ही पाठ केलीत किंवा चेंडू मागे दिलात की ‘वर!’ ओरडून चौघं चार पावलं पुढे. तुम्ही मान वर करून लांब मारायच्या तयारीत दिसलात की ‘मागे!’ आणि चौघं घाईनं मागे. आवाज एकानंच द्यायचा, पाळीपाळीनं.

तुम्हाला काही बोलावं लागत नाही, दोरीच बोलते. ताणली गेली म्हणजे कुणीतरी उशीर केला. जमिनीला लागली म्हणजे सगळे चेंडूकडे गोळा झाले. पाच मिनिटांनी दोरी काढून तेच करायला सांगा. पहिल्या मिनिटात सगळं विस्कटेल, मग हळूहळू अंतर परत येईल. सहा गटांसाठी सहा दोऱ्या नकोत, दोन पुरे. बाकीच्यांनी बाहेरून दोरी बघायची.

शेवटी पाच विरुद्ध सात. २४ मुलांचे १२-१२ चे दोन भाग, दोन छोटी मैदानं, प्रत्येकी साधारण ३० बाय २५ मीटर. एका टोकाला शंकूंचा ४ मीटरचा गोल. चार बचावपटू, एक गोलरक्षक, समोर सात. चेंडू गेला की सातांनी पुन्हा दुसऱ्या टोकापासून सुरू करायचं. पाच मिनिटं झाली की अदलाबदल. गुण असे: सातांना गोलचा एक, आणि पाचांना गोल न खाता गेलेल्या प्रत्येक मिनिटाचा एक. मिनिट संपलं की शिट्टी वाजवून मोठ्यानं सांगा, ‘बचाव एक!’ गोलला आवाज असतो, न झालेल्या गोलला नसतो. तो आवाज तुम्ही द्यायचा.

आणि कृपा करून त्या सकाळनंतर कुणाला ‘तू आमचा बॅक’ म्हणून चिकटवू नका. या वयात दर आठवड्याला जागा बदललीच पाहिजे. आघाडीला खेळलेल्या मुलाला बचाव लवकर कळतो, आपण काय करायचो ते त्याला आठवतं.

---

मुरमाचं मैदान

ताई, गुणांची पद्धत फारच आवडली. दोन शंका. मुलं टीव्हीवर बघून घसरत टॅकल मारायला, म्हणजे जमिनीवर घसरून चेंडू काढायला जातात. आणि हेडिंग (चेंडू डोक्यानं मारणं) शिकवायचं का? बचावपटू म्हटलं की ते आलंच.

---

चौथा पंच

दोन्हींना नाही.

हेडिंग: अमेरिकेतल्या फुटबॉल संघटनेनं १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, ११ ते १३ वयाला सरावात मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये ११ वर्षांखालच्या गटांच्या सामन्यांतून ते २०२४-२५ पासून टप्प्याटप्प्यानं काढायला सुरुवात झाली. तुमच्या वयोगटात चेंडू उंच आला तर छातीवर किंवा मांडीवर घ्यायला शिकवा, नाहीतर पडू द्या. उडी कधी मारायची हे शिकवायचंच असेल तर फुगा घ्या. बरं, चेंडू कोणता वापरताय? १२ पर्यंत ४ नंबर. मोठ्यांचा ५ नंबर ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो या पायांना आणि डोक्यांना जड आहे.

घसरतं टॅकल: मुरमावर मांडीची साल निघते आणि जखमेत खडी राहते, एवढं कारण पुरे. दुसरं कारण खेळाचं. घसरला म्हणजे जमिनीवर पडला, आणि हुकलं तर उठेपर्यंत समोरचा पाच-सहा मीटर पुढे. उभा असलेला बचावपटू हुकला तरी पुन्हा मागे लागू शकतो. मालदिनीचं घसरतं टॅकल देखणं होतं, पण त्याची ख्याती ते फारसं लागू न देण्याची होती. जागा बरोबर असेल तर घसरावं लागत नाही. नळ्यांना शिनगार्ड मात्र पहिल्या खेळापासून सक्तीचे.

कारकिर्दीच्या गोष्टीत एक भाग राहिलाय तो जोडतो. मालदिनी खेळत असताना नियमच बदलत गेले, आणि प्रत्येक बदल बचावपटूच्या विरोधात होता. १९९० मध्ये ऑफसाइड (आघाडीपटूनं बचावाच्या पुढे आधीच जाऊन थांबू नये हा नियम) सैल झाला: आघाडीपटू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असेल तर चालेल. १९९२ पर्यंत अडचणीत सापडलेला बॅक चेंडू मागे गोलरक्षकाला द्यायचा आणि तो हातात उचलायचा. वेळही जायचा, धोकाही टळायचा. त्या वर्षापासून पायानं मुद्दाम दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली. रातोरात बॅकला नीट पास द्यायला यावंच लागलं. ज्यांचा पाय नुसता लाथ मारण्यापुरता होता त्यांची पंचाईत झाली. मालदिनीला फरक पडला नाही, कारण त्याचे दोन्ही पाय चालायचे. डाव्या पायाची ती मेहनत इथे परत कामी आली.

१९९८ मध्ये मागून येऊन धोकादायक टॅकल मारलं तर थेट बाहेर काढण्याचा नियम आला. का, ते सांगताना मालदिनीच्याच संघातल्या मार्को व्हान बास्टनचं नाव घ्या. जगातला सर्वोत्तम आघाडीपटू. घोटा इतका खराब झाला की शेवटचा सामना २८ व्या वर्षी, मे १९९३ मध्ये. पुढे दोन वर्षं उपचार करून ३० व्या वर्षी निवृत्तीच जाहीर केली. बचावपटू वाईट वागला तर काय होतं हे याहून सोपं सांगता येणार नाही.

तुमच्या मुलांना आजचा नियमही सांगा: २०१९ पासून गोलकिकचा (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू गोलजवळून परत सुरू करण्याचा) पास आपल्याच डीमध्ये घेता येतो, आधी चेंडू डीबाहेर जावा लागायचा. म्हणून हल्लीचे सेंटर बॅक गोलरक्षकाच्या शेजारी उभे राहून पास मागताना दिसतात. मालदिनीच्या काळात हे दृश्य नव्हतं.

---

तटावरून

पोरं एक प्रश्न विचारणारच: ‘पैसे किती?’ आकडे सांगत बसू नका, रीत सांगा. फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) नियमात १८ खालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त करार धरत नाहीत, मोठ्यांचा साधारण पाच वर्षांपर्यंत. १८ व्हायच्या आत परदेशी क्लबात बदली, काही अपवाद सोडले तर, बंद. म्हणजे ‘१४ व्या वर्षी युरोपात खेळवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले की आई-बाबांनी तिथूनच मागं फिरायचं. हे पालकांनाही ऐकवा, फार फसतात.

आणि संपल्यावर काय? मालदिनी २०१९ ला मिलानचा तांत्रिक संचालक झाला, म्हणजे खेळाडू निवडायचं काम. २०२२ ला संघ इटलीच्या लीगचा विजेता. २०२३ च्या जूनमध्ये क्लबानं त्यालाच घरी पाठवलं. ९०२ सामने खेळलेल्या माणसाला पण.

---

डावी बगल

शेवटचा तुकडा माझ्याकडून राहिला होता. पाओलोचा धाकटा मुलगा डॅनिएल २ फेब्रुवारी २०२० ला मिलानकडून उतरला. मालदिनींची तिसरी पिढी. पाठीवर ३ मात्र नव्हता. इटलीकडून पहिला सामना ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि तो कुठे? उदिनेला. जिथे बाबा १६ व्या वर्षी उतरले होते त्याच शहरात. मुलं विचारतील, तोही मागे खेळतो का? नाही. तो पुढे खेळतो. हसू द्या त्यांना.

---

मुरमाचं मैदान

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी सातला करतोय, ऊन चढायच्या आत. दोरी नायलॉनची चालेल का? घरात तीच पडली आहे.

---

चुन्याची रेघ

नको. हातातून सर्रकन ओढली गेली की तळवा भाजतो. सुती घ्या, बोटभर जाडीची, आणि १५ नाही, १७ मीटर आणा. चार गाठी मारल्यावर ती आखडते. गाठींना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे लांबून बघणाऱ्यांनाही अंतर दिसेल.